कृष्णविवराची हद्द कुठे?

‘कृष्णविवर’ हा शब्द मराठी वाचकाला आता नवा राहिलेला नाही. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने जी कथा पाठवली आणि जिला पहिले पारितोषिक मिळाले, तिचे नावच ‘कृष्णविवर’ होते. आमचे कन्नड भाषिक मित्र याच वस्तूला ‘कप्पु कुळि’, म्हणजे काळा खड्डा, असे म्हणतात. विवर काय किंवा कुळि काय, दोन्ही शब्द ऐकले की डोळ्यांपुढे खड्डा येतो, आणि खड्डा म्हटला की त्याला काठ आलाच. काठावर उभे राहून आत डोकावता येते, पाय घसरला तर आत पडता येते. प्रस्तुत लेखाचा विषय हा काठच आहे. कृष्णविवराची हद्द नेमकी कोठून सुरू होते, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात? (बेळगावात ‘सीमा’ हा शब्द काढला की बोलण्याला निराळेच वळण लागते, म्हणून मी जाणूनबुजून ‘हद्द’ म्हणत आहे.)

वरवर पाहता प्रश्न सोपा वाटतो. पुष्कळशा पुस्तकांत त्याचे उत्तर एका ओळीत दिलेले असते. पण जरा खोलात गेले की असे आढळते की उत्तरे एकाहून अधिक आहेत, ती परस्परांशी नेहमी जुळत नाहीत, आणि त्यांतली जी सर्वांत काटेकोर व्याख्या आहे, तिच्या आधाराने आज कोणालाही ‘ही पाहा हद्द’ असे बोट दाखवता येत नाही! मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तेव्हा समीकरणे टाळून, जमाखर्चाच्या भाषेत जेवढे सांगता येईल तेवढे सांगतो.

प्रथम सोपे उत्तर पाहू. पृथ्वीवरून वर फेकलेली वस्तू परत खाली येऊ नये असे वाटत असेल तर तिला सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर वेग द्यावा लागतो. यालाच मुक्तिवेग म्हणतात. इंग्लंडमधील जॉन मिचेल या धर्मोपदेशकाने १७८३ साली असा विचार मांडला की, सूर्याइतकीच घनता असलेला पण व्यासाने सूर्याच्या पाचशे पट मोठा तारा असेल, तर त्याचा मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगापेक्षाही जास्त होईल आणि त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येणारच नाही. फ्रान्सच्या लाप्लास यानेही १७९६ मध्ये असेच म्हटले. पुढे १९१५ मध्ये आइनस्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत पुरा झाला आणि लगेच १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्ड याने त्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर प्रसिद्ध केले. त्यातून प्रत्येक वस्तुमानासाठी एक ठराविक त्रिज्या निघते. सूर्याचे सारे वस्तुमान दाबून सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात बसवले तर त्याचे कृष्णविवर होईल. पृथ्वीसाठी हीच त्रिज्या अवघी ९ मिलिमीटर आहे, म्हणजे सगळी पृथ्वी खेळण्यातल्या गोटीएवढी.

मात्र मिचेलचा तारा आणि आजचे कृष्णविवर एकच नव्हेत. मिचेलच्या ताऱ्यावरचा प्रकाश वर फेकलेल्या चेंडूसारखा काही अंतर जाऊन मग परत फिरेल, म्हणजे जवळ जाऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तो तारा दिसेल. आइनस्टाइनच्या हिशेबात ही सवलत नाही. हद्दीच्या आतून बाहेरच्या दिशेने सोडलेला किरणसुद्धा आतच सरकत जातो. चाळीसएक वर्षे बहुतेकांची अशी समजूत होती की श्वार्झशिल्डच्या त्रिज्येपाशी समीकरणेच मोडून पडतात, तेव्हा तेथे निसर्गाची भिंत असावी. १९५८ मध्ये डेव्हिड फिंकेलस्टाइन यांनी दाखवले की तेथे भिंत वगैरे काही नाही, फक्त वाहतूक एकेरी आहे. आत जायला मज्जाव नाही, बाहेर यायला आहे.

तेथे ‘काही नाही’ हे अक्षरशः खरे आहे. एम-८७ या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेले कृष्णविवर सूर्याच्या सुमारे साडेसहाशे कोटी पट जड आहे. त्याची त्रिज्या सुमारे १,९०० कोटी किलोमीटर भरते. एवढ्या जागेने त्याच्या वस्तुमानाला भागले तर सरासरी घनता आपल्या खोलीतल्या हवेपेक्षाही कमी येते! त्याची हद्द ओलांडणाऱ्या प्रवाशाला धक्का बसणार नाही, पाटी दिसणार नाही, काहीच जाणवणार नाही. ते कृष्णविवर स्वतःभोवती फिरत नाही असे धरले, तर हद्दीपासून मध्यापर्यंत त्याच्या घड्याळाने त्याला जास्तीत जास्त २८ तास मिळतील. परतीचा दरवाजा नेमका कधी बंद झाला, हे त्याला कळणार नाही.

मग ही हद्द ठरवायची कशी? काटेकोर व्याख्या अशी आहे: ज्या ठिकाणाहून आणि ज्या क्षणी निघालेला प्रकाश, कितीही काळ वाट पाहिली तरी, फार दूरच्या निरीक्षकाकडे कधीच पोहोचणार नाही, अशा सर्व घटनांचा समुच्चय म्हणजे कृष्णविवर. पोहोचणाऱ्या आणि न पोहोचणाऱ्या घटनांमधली जी मर्यादा, तिला ‘घटना-क्षितिज’ म्हणतात. हा शब्द वोल्फगांग रिंडलर यांनी १९५६ मध्ये विश्वरचनेच्या संदर्भात वापरला होता. कृष्णविवरांच्या बाबतीत त्याला नेमके गणिती रूप रॉजर पेनरोझ, स्टीफन हॉकिंग प्रभृतींनी दिले.

या व्याख्येतला सगळा घोळ ‘कधीच’ या एका शब्दात आहे. आमच्या शाखेत ३१ मार्चला वह्या बंद करून ताळेबंद मांडतात. पुढल्या वर्षी काय होईल याची वाट पाहत कोणी ताळेबंद अडवून ठेवत नाही. घटना-क्षितिजाची वही मात्र बंदच होत नाही. आज निघालेला किरण सुटला की अडकला, हे ठरवायला अनंत काळापर्यंतचा सर्व जमाखर्च पुढ्यात हवा. एखादा व्यापारी बुडाला असे आपण म्हणतो ते दुकानाला कुलूप लागल्यावर. पण जे कर्ज फिटणे शक्यच नव्हते ते त्याने कोणत्या दिवशी उचलले? हे मागाहून, साऱ्या वह्या समोर ठेवूनच सांगता येते. त्या दिवशी दुकानात नेहमीसारखीच गर्दी असते, आणि मालक गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी हसत बोलत असतो.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. समजा, आपल्यापासून सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर, एका पोकळ गोलाच्या आकारात, प्रचंड ऊर्जा प्रकाशाच्या वेगाने आत कोसळत येत आहे. अशा पोकळ गोलाच्या आत त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा मागमूस नसतो, हे न्यूटनच्या काळापासून ठाऊक आहे आणि आइनस्टाइनच्या सिद्धांतातही ते टिकते. शिवाय प्रकाशापेक्षा वेगाने बातमी येत नाही, म्हणजे कोसळणाऱ्या गोलाची आपल्याला कल्पनाही असणार नाही. तरीही व्याख्येप्रमाणे घटना-क्षितिज गोल येऊन पोचण्यापूर्वीच मध्यबिंदूपाशी जन्म घेते आणि प्रकाशाच्या वेगाने बाहेर पसरत जाऊन येणाऱ्या गोलाला गाठते. हा अंक आपण ज्या वाचनालयात बसून वाचत आहोत, त्यातून असे क्षितिज आत्ता पसरत गेले, तरी शेजारच्या प्रयोगशाळेतले कोणतेही उपकरण त्याची नोंद करू शकणार नाही. (असे काही घडत असल्याचे मानायला कारण नाही. परीक्षेची तयारी चालू ठेवावी.)

या विचित्र गुणाचे गणित समजावून सांगताना जे उदाहरण हमखास घेतले जाते त्याला एका भारतीयाचे नाव आहे, ही आपल्या दृष्टीने आनंदाची बाब होय. गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे १९४२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे संशोधनासाठी गेले. हे नारळीकर म्हणजे डॉ. जयंत नारळीकर यांचे वडील, जन्माने आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या भोवतीचे गुरुत्व कसे असेल, याचे उत्तर वैद्यांनी १९४३ मध्ये शोधून काढले. त्या उत्तराची दिशा उलटी केली की प्रकाश गिळून वाढणारे कृष्णविवर मिळते. समजा, सूर्याएवढ्या वस्तुमानाचे, ३ किलोमीटर त्रिज्येचे एक कृष्णविवर आहे, आणि त्यात तेवढ्याच वस्तुमानाचे प्रकाशाचे एक कवच पडणार आहे. वस्तुमान दुप्पट झाल्यावर त्रिज्या ६ किलोमीटर होणार. पण घटना-क्षितिज त्यासाठी कवचाची वाट पाहत नाही. ते आधीपासूनच हळूहळू फुगू लागते, आणि कवच ६ किलोमीटरवर येते नेमक्या त्याच वेळी तेथे हजर असते. माल गोदामात यायच्या आधीच वहीत जमा! आमच्याकडे हिशेब तपासनिसाने अशी नोंद खपवून घेतली नसती.

शास्त्रज्ञांनाही ती सहजासहजी पचत नाही. म्हणून दुसरी व्याख्या पुढे आली, आणि तिच्या मुळाशीही एक भारतीय आहे. कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केले. गुरुत्वामुळे मार्गांचे जुडगे कसे एकवटत जाते, हे त्यावरून कळते. त्याच तऱ्हेच्या विचाराचा आधार घेऊन पेनरोझ यांनी १९६५ मध्ये ‘बंदिस्त पृष्ठभागा’ची कल्पना मांडली. एक मोठा गोल डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पृष्ठभागावर सर्वत्र एकाच क्षणी दिवे चमकले. प्रकाशाची दोन कवचे निघतील, एक आत जाणारे आणि एक बाहेर जाणारे. आतले आकसत जाईल, बाहेरचे फैलावत जाईल, हा रोजचा अनुभव. पण गुरुत्व फार प्रखर असेल तर बाहेरच्या दिशेने निघालेले कवचसुद्धा आकसू लागते. असे झाले की तो पृष्ठभाग बंदिस्त झाला. अशा पृष्ठभागांचा प्रदेश जेथे संपतो त्या मर्यादेला ‘भासमान क्षितिज’ म्हणतात. एकदा बंदिस्त पृष्ठभाग तयार झाला की पुढला विनाश, काही सर्वसाधारण अटी पाळल्या जात असतील तर, टळत नाही, हे पेनरोझ यांनी सिद्ध केले. या कामासाठी त्यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्याख्येचा मोठा फायदा असा की तिला भविष्य लागत नाही. आज, या क्षणी, येथे दिवे लावून पाहा आणि ठरवा. वरच्या उदाहरणात भासमान क्षितिज कवच येईपर्यंत ३ किलोमीटरवर स्वस्थ असते आणि कवच आत शिरताच ६ किलोमीटरवर उडी घेते. संगणकावर कृष्णविवरांच्या टकरीची गणिते करणारे शास्त्रज्ञ दर टप्प्याला याच क्षितिजाचा शोध घेत पुढे जातात. घटना-क्षितिज ते सर्व गणित संपल्यावर, शेवटाकडून उलटे मागे येत काढतात.

पण ‘या क्षणी’ म्हणजे कोणत्या क्षणी? सापेक्षतेत सर्वांचा ‘आत्ता’ एक नसतो. अवकाश आणि काळ यांच्या अखंड लादीचे पावासारखे काप करायचे, एकेक काप म्हणजे एकेक क्षण. काप सरळ घ्यायचे की तिरपे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. काप बदलले की भासमान क्षितिजाची जागा बदलते. रॉबर्ट वॉल्ड आणि विवेक अय्यर यांनी १९९१ मध्ये दाखवले की कृष्णविवराच्या मध्याच्या कितीही जवळ जाणारे असे काप घेता येतात की त्यांतल्या एकाही कापावर बंदिस्त पृष्ठभाग सापडत नाही. कृष्णविवर तर आहे, हद्द मात्र गायब! वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे फारसे नवल वाटू नये. दुकानातला शिल्लक माल खरेदीच्या भावाने धरला तर नफा, बाजारभावाने धरला तर तोटा, असे पुष्कळदा होते. वह्या त्याच, माल तोच. म्हणूनच ‘खरेदी किंमत व बाजारभाव यांपैकी जी कमी असेल ती’ असा नियम आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. काप घेण्यासाठी असा एकच सर्वमान्य नियम अद्याप पदार्थविज्ञानात नाही.

या दोन टोकांमधून वाट काढण्याच्या प्रयत्नांत एक महत्त्वाचे नाव महाराष्ट्रातील आहे. शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले डॉ. अभय अष्टेकर यांनी सहकाऱ्यांसह १९९९ च्या सुमारास ‘विलग क्षितिज’ ही कल्पना विकसित केली. आसपास काहीही चाललेले असो, खुद्द क्षितिजातून काही आत जात नसेल तर तेवढ्यापुरते ते स्थिर मानून त्याचे वस्तुमान व फिरकी स्थानिक मापांवरून ठरवायची. नंतर बद्री कृष्णन यांच्यासह त्यांनी वाढत्या कृष्णविवरांसाठी ‘गतिमान क्षितिज’ मांडले. किती ऊर्जा आत गेली आणि क्षेत्रफळ किती वाढले, याचा मेळ त्यात घालता येतो. मला हा मार्ग अधिक पटतो. कारण यात जमेच्या प्रत्येक रकमेला पावती आहे. अर्थात ज्यांना गणिताची शुद्धता प्रिय आहे ते घटना-क्षितिजच खरे म्हणतील, आणि त्यांचेही चूक नाही. ते क्षितिज कोणी काप कसे घेतो यावर अवलंबून नसते.

येथवर आपण न फिरणाऱ्या कृष्णविवराबद्दल बोललो. फिरणाऱ्याचे गणित १९६३ मध्ये न्यूझीलंडचे रॉय केर यांनी सोडवले, आणि त्याच्या हद्दीचा गुंता सोडवण्यात आपल्या कर्नाटकाचा मोठा वाटा आहे. बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर हे अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात संशोधन करीत असताना १९६८ मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. न फिरणाऱ्या कृष्णविवरात दोन हद्दी एकाच जागी असतात: जेथे कोणालाही एका जागी स्थिर राहणे अशक्य होते ती, आणि जेथून परत येणे अशक्य होते ती. फिरणाऱ्या कृष्णविवरात त्या अलग होतात. पहिली बाहेर, दुसरी आत. मधल्या पट्ट्यात शिरलेल्याला भोवऱ्याबरोबर फिरावेच लागते, पण तो बाहेर येऊ शकतो, इतकेच नव्हे तर पेनरोझ यांनी १९६९ मध्ये दाखवल्याप्रमाणे येताना कृष्णविवराची थोडी ऊर्जाही घेऊन येऊ शकतो! विश्वेश्वर पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाचे संस्थापक संचालक झाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

खगोलशास्त्रज्ञांना या वादाशी फारसे कर्तव्य नसते. दुर्बिणीतून जे दिसते ते क्षितिज नव्हेच. १० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ च्या कृष्णविवराचे आणि १२ मे २०२२ रोजी आपल्या आकाशगंगेच्या मध्याच्या कृष्णविवराचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यांतला काळा गोल ही एक सावली आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवराची सावली क्षितिजाच्या सुमारे २.६ पट रुंद असते, कारण क्षितिजाच्या बरेच बाहेरून जाणारे किरणही वाकून आत ओढले जातात. एरिक क्युरिएल या तत्त्वज्ञांनी निरनिराळ्या शाखांतील शास्त्रज्ञांना ‘कृष्णविवर म्हणजे काय’ असे विचारून २०१९ मध्ये एक लेख लिहिला. उत्तरे शाखेगणिक निराळी आली. खगोलशास्त्रज्ञाला आटोपशीर, जड, काळी वस्तू पुरते. गणितज्ञाला भविष्यासह पूर्ण विश्व लागते.

हॉकिंग यांनी तर आणखी पेच टाकला. १९७४ मध्ये त्यांनी दाखवले की कृष्णविवरातून अत्यल्प प्रारण बाहेर पडते. सूर्याएवढ्या कृष्णविवराचे तापमान एका अंशाच्या कोट्यंशाहूनही कमी, आणि ते विरून जायला लागणारी वर्षे १ वर ६७ शून्ये. एवढ्या दूरच्या काळाची चिंता कशाला, असे आपण म्हणू. पण घटना-क्षितिजाच्या व्याख्येत तो दूरचा काळच तर येतो! शेवटी सगळे विरून आतला हिशेब बाहेर येणार असेल, तर ‘कधीच न पोहोचणारा’ किरण उरतो कोठे? २०१४ मध्ये स्वतः हॉकिंग यांनी असे मत मांडले की खरे घटना-क्षितिज नसतेच, असते ते भासमान क्षितिज. हे मत सर्वांना मान्य झालेले नाही.

वाद असा असूनही मोजमाप थांबलेले नाही. हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले होते की (प्रारणाचा विचार बाजूला ठेवला तर) घटना-क्षितिजाचे क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. १४ जानेवारी २०२५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या गुरुत्वलहरी अमेरिकेतील लायगोच्या उपकरणांनी फार स्पष्ट टिपल्या. मीलनापूर्वी दोघांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, नंतर ते सुमारे ४ लाख झाले. (तुलनेसाठी: कर्नाटक सुमारे १ लाख ९२ हजार, महाराष्ट्र सुमारे ३ लाख ८ हजार.) शेवटचा आकडा नव्या कृष्णविवराच्या घंटेसारख्या विरत जाणाऱ्या नादावरून काढतात, आणि कृष्णविवर असे निनादते हे १९७० मध्ये प्रथम दाखवले ते विश्वेश्वर यांनीच.

मात्र दोन्ही आकडे मीलनाच्या आधीचे आणि नंतरचे आहेत. त्या वेळी कृष्णविवरे जवळजवळ स्थिर असतात आणि सर्व व्याख्या एकच हद्द दाखवतात. प्रश्न मधल्या क्षणाचा आहे. संगणकातील गणितात घटना-क्षितिजाचे चित्र काढले तर ते लेंग्यासारखे दिसते: खाली दोन पाय, वर सलग कंबर, मध्ये कोठे तुटक नाही. भासमान क्षितिजे मात्र दोन वेगळीच राहतात, आणि ती पुरेशी जवळ आली की एकाएकी त्या दोघांना बाहेरून वेढणारे तिसरे प्रकटते. मग दोनांचे एक नेमके कधी झाले? लेंग्याच्या चित्रात तो क्षण आधी येतो, वेढणाऱ्या क्षितिजाच्या चित्रात थोडा नंतर, आणि दूरवर पोहोचलेल्या लहरीत या दोहोंपैकी एकाचीही वेगळी खूण उमटत नाही.